दिवाणखान्यातली चूल

थोरल्या बाई उन्हाळ्यासाठी भाड्याचं घर बघायला निघाल्या, की सोबत निजायला माणसं न्यायच्या. खोल्या मोजणं, खिडक्या उघडून बघणं असल्या गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता. रिकाम्या खोलीत आम्हाला ओळीनं आडवं करायचं, प्रत्येकाला घरातल्या एकेकाचं नाव द्यायचं आणि कमरेवर हात ठेवून बघायचं, कुटुंब मावतं का ते. गाडीवान सखाराम थोरला जावई व्हायचा. एका बंगल्याच्या मिशाळ चौकीदाराला त्यांनी मधली सून केलं आणि वर दटावलं, "तोंड भिंतीकडं कर, मोठे लोक येऊन राह्यले." तो बिचारा खरंच वळला.

मला मात्र नेहमी भाऊसाहेब करायच्या. खिडकीखालची वाऱ्याची जागा माझी.

भाऊसाहेब म्हणजे त्यांचे धाकटे दीर. बाई लग्न होऊन घाटाखालच्या धामणगाव बढ्याला आल्या तेव्हा ते रांगत होते. बाईंच्याच कडेवर वाढले. थोरले मालक गेल्यावर कारभार बाईंकडे आला. पुढे एका वर्षी लोणच्याच्या कैऱ्यांवरून बोलाचाली झाली आणि भाऊसाहेबांनी चूल वेगळी मांडली. तेव्हापासून दीर-भावजयीत शब्द नाही. कैऱ्या कोणाच्या होत्या, हे आता दोघांनाही सांगता येत नव्हतं.

मी कोकणातला. चौथीत शाळा सुटली, अक्षर बरं म्हणून हिशेब लिहायला इकडे आलो. पहिल्याच वैशाखात उन्हानं अंथरूण धरलं, तेव्हा बाईंनी स्वतः तळपायांना कांदा चोळला होता. त्यामुळे त्यांनी निजायला सांगितलं की मी निजे. शिवाय काही चुकलं तर गावी पाठवतील ही धास्ती होतीच.

वैशाखात घाटाखाली नुसती भट्टी पेटते. मग आमचं सगळं लटांबर महिनाभर घाट चढून बुलढाण्याला. ज्वारी, डाळ, पाटा-वरवंटा, इतकंच काय, जातंसुद्धा गाडीत. हवा खायला जायचं तर जातं कशाला, असं मी एकदा विचारून बसलो. बाई म्हणाल्या, "हवेची भाकर थापता येते का तुमच्या कोकनात?"

बंगलेवाले त्यांना डोंगराचा देखावा दाखवायचे. बाई तिकडे पाठ करून स्वयंपाकघर विचारायच्या. "डोंगर काय ताटात वाढू?" हे ठरलेलं वाक्य.

त्या वर्षी मात्र त्यांना दोन चुलींचं घर हवं होतं. गाडीत बसतानाच मला म्हणाल्या, "भाऊजी माह्या चुलीचं खानार नाही. मंग त्यायले चूल नको? चूल असली तर येतीन."

दोन चुलींचं घर कुठून मिळणार? उन्हात हिंडून सखाराम जावईपणाला विटला. शेवटी एका चौकीदारानं गोऱ्या साहेबानं सोडलेला जुना बंगला दाखवला. दिवाणखान्यात शिरताच बाई थबकल्या. भिंतीत कोनाडा, कोनाड्यात काळी राख.

"हे पाह्य. चूल."

चौकीदारानं अदबीनं सांगितलं, की साहेब लोक थंडीत इथे लाकडं पेटवून समोर खुर्ची टाकून बसत.

"नुसतेच बसत?"

"जी."

"रांधत नसत?"

"नाही जी."

बाईंना साहेबाची दया आली. त्यांनी सखारामकडून तीन दगड आणवले, आत मांडले आणि तिथल्या तिथे एक भाकरी भाजली. धूर भिंतीतूनच वर गेला. बाई खूष. "डोळे चुरचुरत नाही. ही भाऊजीची. धाकलीले धुराचा तरास आहे." धाकली म्हणजे भाऊसाहेबांची बायको. मग मला खिडकीखाली निजवून घर पक्कं केलं.

निरोप घेऊन मीच भाऊसाहेबांकडे गेलो. बाईंचं नाव काढायचं नाही अशी ताकीद होती. मी म्हणालो, बंगला मोठा आहे, चूल वेगळी आहे. ते म्हणाले, "पाह्यला कोनं?" मी म्हणालो, सखारामनं. त्यांना काही ते पटलं नाही. पण आले. स्वतःची ज्वारी, स्वतःची घागर, स्वतःचं मीठ घेऊन आले.

मग एकाच छपराखाली दोन गावं वसली. दिवाणखान्यात भाऊसाहेबांचा संसार, स्वयंपाकघरात आमचा, आणि मधल्या दारात मी. भाऊसाहेबांनी मला सांगायचं, की जात्याचा आवाज फार होतो. बाईंनी मला सांगायचं, की ज्याला आवाज होतो त्यानं कापूस घालावा. मी दोन्हीकडे जाऊन म्हणायचो, की हवा छान आहे.

दिवस सरत चालले. बाईंचं बोलणं कमी झालं. सगळे एका घरात मावले होते, तरी त्या रोज जेवताना दाराकडे बघत आणि अर्धी भाकरी तशीच ठेवत.

एका सकाळी मी सरपण घेऊन स्वयंपाकघरात आलो. चूल चांगली धडधडत होती. बाईंनी तांब्या उचलला आणि सगळं पाणी चुलीत ओतलं. चर्र झालं. मग त्यांनी चुलीजवळचं खापर घेतलं, पदर सारखा केला आणि दिवाणखान्याच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. आयुष्यात कोणाच्या दारी निखारा मागायला न गेलेली बाई ती.

"भाऊजी, इस्तो द्या. माही चूल इझली."

आतून चिमट्याचा आवाज आला. भाऊसाहेब स्वतः उठले होते.

"उभ्या काऊन, वहिनी?" ते म्हणाले. "बसा."

इकडे चुलीतून अजून वाफ निघत होती. भाऊसाहेब उठून बघायला आले तर काय? मी घाईघाईनं ओली राख उपसली, वर कोरडी पसरली, जमीन पुसली आणि निखाऱ्याची वाट बघत बसलो.

निखारा आला नाही. थोड्या वेळानं बाईंचा आवाज आला, पूर्वीसारखा खणखणीत:

"काऊन वं धाकले, पीठ इतकं सैल भिजवते का कोनी? सरक तिकडं."

मग भाऊसाहेबांनी मला हाक मारली. ताटं इकडेच आण म्हणाले. किती, म्हणून मी विचारलं.

"सारेच आन बे," ते म्हणाले.