वीस मिनिटांनंतरचा कप्तान

एका घरात टीव्ही दुरुस्त करणारा राहायचा, त्याची बायको राहायची आणि अंतराळातली एक मालिका राहायची. मालिकेला माणसांतच मोजायचं, कारण कपाटाचे तीन कप्पे तिचे होते आणि बायकोचा एक.

सव्वीस वर्षं ती मालिका चालली होती. एक जहाज ताऱ्यांमधून भटकायचं, दर आठवड्याला कुठेतरी अडकायचं आणि अर्ध्या तासात सुटायचं. कप्तान तीनदा बदलला, कोट मात्र तोच राहिला. (धुतला कधी, ते कोणी दाखवलं नाही.) नवऱ्यानं एकूण एक भाग कॅसेटवर उतरवून ठेवला होता. पाठीवर नंबर, वहीत नोंद. बायकोचा वाढदिवस विचारला तर वही उघडायचा, आणि नेमका तोच तिच्यात नसायचा.

एकदा बायकोचे वडील राहायला आले. शिंपी माणूस, चाळीस वर्षं एकाच मशीनवर पाय मारलेला. लेकीची आई गेल्यापासून म्हातारा एकटाच राहायचा. एकदा दूध तापायला ठेवून विसरला, पातेलं जळून काळं झालं, तेव्हा लेक पंधरा दिवसांसाठी म्हणून त्याला घेऊन आली. तिच्या मनात पंधरा दिवस नव्हतेच, कायमचं होतं. पण म्हातारा मानी. आपलं ओझं होतंय असं वाटलं की पिशवी उचलून चालता होणार. म्हणून तिनं नवऱ्याला बजावलं, की बाबांचं काही चुकलं तरी दाखवायला जायचं नाही. नवरा म्हणाला, मी कशाला जातोय. (लोकांचा टीव्ही उघडला की आधीच्या कारागिराला नावं ठेवल्याशिवाय ज्याचा पेचकस फिरत नसे, तो हे म्हणाला.)

आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशी जाहीर झालं, की मालिका बंद होणार, प्रेक्षकांनी आपला सगळ्यांत आवडता भाग कळवावा. नवऱ्यानं घाईघाईनं पत्र लिहिलं आणि पेटीत टाकलं सुद्धा. संध्याकाळी चहा घेताना त्याला वाटलं, म्हाताऱ्यालाही विचारावं, तेवढाच मान. आणि विचारलं.

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. जहाजाचा पत्रा उसवतो तो भाग, म्हणाला. उल्का घासून जाते, या टोकापासून त्या टोकापर्यंत जहाज उसवतं, मग कप्तान बाहेर लोंबकळत दुहेरी शिलाई मारून ते बंद करतो. काय टाका होता तो.

"बाबा, त्या भागात शिलाई नाहीच," नवरा म्हणाला. "अंतराळात सुई-दोरा कुठून येणार?"

स्वयंपाकघरातून बायकोनं डोळे मोठे केले. त्याला दिसले. पण तोवर तो खुर्चीवर चढून कॅसेट काढत होता.

कॅसेट लागली. उल्का आली, पत्रा फाटला, जहाजावरच्या डॉक्टरीणबाई किंचाळल्या. म्हातारा एकेक वाक्य त्यांच्या आधी बोलत होता. वीस मिनिटं सगळं तंतोतंत. मग कप्तानानं भिंतीतला एक दांडा ओढला आणि पत्रा आपोआप जुळला.

म्हातारा म्हणाला, "एवढंच?"

नवऱ्याला आता थांबवत नव्हतं. धुळीच्या वादळाचा भाग लावला. म्हातारा म्हणत होता, कप्तान वादळाला अस्तर लावतो. तिथे तर वादळ स्वतःच निघून गेलं. मग यंत्रमानवाचा लावला. म्हातारा म्हणत होता, त्याचा तुटलेला हात कप्तान काजाच्या टाक्यानं जोडतो. तिथे कप्तानानं नवीन हात मागवला. तीन कॅसेटी झाल्यावर म्हाताऱ्यानं चष्मा काढून मिटला.

"जावई, तुमचंच खरं," तो शांतपणे म्हणाला. "आधी दूध विसरलो, आता न घडलेलं आठवायला लागलंय. डोकं फिरलेलं माणूस लेकीच्या घरात नको. उद्या सकाळी निघतो."

आणि पिशवी शोधायला लागला.

बायको हात पुसत बाहेर आली. म्हणाली, "बाबांच्या डोक्याला काही झालेलं नाही. आमच्या टीव्हीला झालं होतं."

मग तिनं सांगितलं. तिच्या माहेरचा टीव्ही तापला की वीस मिनिटांत चित्र जायचं. भाग अर्ध्या तासाचा. ती चौघं भावंडं भोकाड पसरायची, जेवायची नाहीत. तेव्हा बाबा मशीन न थांबवता पुढची गोष्ट सांगायचे, आणि इतक्या वर्षांत सांगून सांगून ती त्यांना पाहिल्यासारखी वाटायला लागली.

"आणि तो टीव्ही दुरुस्त करायला कोण यायचं, तेही सांगू?"

नवरा कॅसेटी नंबराप्रमाणे लावायला लागला. तो सातदा आला होता. आठव्यांदा त्यानं मुलगीच मागितली, आणि घरातलाच कारागीर झाला तर टीव्ही कधीतरी नीट होईल म्हणून म्हाताऱ्यानं ती दिली. टीव्ही काही झाला नाही.

आता विषय बदलणं भाग होतं. नवरा म्हणाला, जाऊ दे, खरा भाग कसा असतो ते दाखवतो, आज पत्रात लिहिलाय तो. आभाळाला काळं भोक पडतं, तारे त्यातून गळायला लागतात आणि कप्तान ते भोक रफू करतो. ही कॅसेट इतकी लाडकी, की झिजेल म्हणून त्यानं कधी लावलीच नव्हती.

भोक पडलं. तारे गळाले. कप्तानानं ते पाहिलं, जहाज वळवलं आणि घरी गेला.

नवऱ्यानं कॅसेट काढून पाठीवरचा नंबर पुन्हा वाचला.

"बाबांची ती रफूची गोष्ट लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मीच सांगितली होती तुम्हाला," बायको म्हणाली. "आपलाही टीव्ही तुम्ही उघडून ठेवला होता."

म्हाताऱ्यानं पिशवी खाली ठेवली. जावयाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, रफू होतं मात्र झकास, मागून सुद्धा दिसत नव्हतं. आणि चहा मागितला.

महिन्याभरानं उत्तर आलं. कळवलेला भाग आमच्या मालिकेत नाही, आपण ती पाहिलेली दिसत नाही, पुढे कधी दाखवली तर अवश्य पाहावी. बायकोनं ते पत्र टीव्हीवरच चिकटवलं.

मालिका संपली, घरातली चालू राहिली. रोज संध्याकाळी एक कॅसेट लागते, वीस मिनिटं झाली की बायको बटण बंद करते आणि म्हातारा पुढचं सांगतो. पंधरा दिवसांचं कोणी नाव काढत नाही. अशी त्या घराची भरभराट झाली: म्हातारा कायमचा राहिला, लेक सुखात आहे, आणि जावई टीव्हीवरचं ते पत्र समोर दिसलं की निम्मं बोलणं आपोआप गिळतो.