ओसी नसलेला मेंदू

"पोरांचा मेंदू कसा चालतो, ते आपल्याला विचारा!"

नौपाड्यात एका डॉक्टरांचं दीड तासाचं व्याख्यान ऐकून आल्यापासून कोलशेतचे देवेशशेठ घरात असंच बोलत होते. वाडवडिलांची जमीन बिल्डरला दिल्यापासून त्यांना जगातली प्रत्येक गोष्ट इमारतीवरूनच समजते. त्याला कोण काय करणार!

सोळा वर्षांची समृद्धी कॉलेजच्या ट्रेकचा फॉर्म घेऊन समोर उभी होती. पालकांची सही हवी होती आणि उद्याच शेवटचा दिवस होता.

"हे बघ बाळा, मेंदूचा विचार करणारा भाग असतो पुढं. तो पंचविशीपर्यंत पुरा होत नाय. म्हणजे तुला राहायच्या परवानगीचा दाखलाच नाय, ओसी नाय!"

"पप्पा, सगळ्या मैत्रिणी चालल्यात!"

"तिथंच तर लोचा आहे! दोस्त बघत असले की या वयात ब्रेक लागत नाय, डॉक्टर बोलले. ओसी येऊ दे, मग चढ डोंगर!"

"म्हणजे नऊ वर्षांनी?"

"आपल्या बिल्डरपेक्षा लवकरच!"

समृद्धीने धाडकन दार आपटलं. देवेशशेठ खूश झाले. दार आपटणंसुद्धा व्याख्यानात होतं!

संध्याकाळी पुतण्याची हळद. डीजे सुरू झाला आणि शाळेपासूनचा दोस्त कुंडलिक ओरडला, "देवेश, खुर्चीवरचा नाच जमंल का? का म्हातारा झाला?"

"म्हातारा? मी?"

"अहो, कंबर!" बायको उत्तरा कळवळून म्हणाली.

पण सगळे दोस्त बघत होते ना! शेठ प्लास्टिकच्या खुर्चीवर चढले. "एकीवर काय, पोरगंपण नाचंल!" कुंडलिक बोलला. एकीवर दुसरी आली, दुसरीवर तिसरी. दुसरा दोस्त संदेश, त्याने मोबाइल काढला, शेठनी दोन्ही हात वर केले, खुर्च्यांनी पाय फाकवले आणि शेठ थेट हळदीच्या परातीत!

समृद्धी बर्फ घेऊन धावली. तिने एकही टोमणा मारला नाही, आणि शेठना तेच कंबरेपेक्षा जास्त लागलं.

"पंचविशीला पुरा होतो, असं डॉक्टर बोललेले," ते कण्हत म्हणाले. "मी तर अठ्ठेचाळीसचा!"

"लग्नात तुम्ही बावीसचे होता," उत्तरा म्हणाली. "ओसी न बघता ताबा घेतला, चूक माझीच!"

समृद्धीने हळूच फॉर्म पुढे केला. शेठनी सही केली, तर कागदावर पाचही बोटं पिवळीधम्मक उमटली!

"अगं, मॅडमनी विचारलं तर काय सांगशील?"

"सांगेन ना," समृद्धी म्हणाली, "पप्पांचं काम अजून चालू आहे!"