सुभेदार तात्यांची खुर्ची

आमचे शेजारी सुभेदार तात्या कुठल्याही नव्या खुर्चीत बसले, की डावा पाय सरळ पुढे उचलून धरतात आणि नुसत्या उजव्या पायावर उठून दाखवतात. हात खुर्चीला लावलेला चालतो, माणसाला नाही. उठता आलं तर खुर्ची पास.

हा प्रयोग मी माझ्या घरी पाहिला आहे, एका साखरपुड्यात नवऱ्या मुलाच्या मखमली खुर्चीवर पाहिला आहे. दातांच्या दवाखान्यात तर डॉक्टर हातात चिमटा घेऊन थांबले होते. त्यांना "डागदर, तुमची खुर्ची नापास" असा निकाल ऐकवून तात्या दात दाखवायला परत बसले.

असं का करता विचारलं, की उत्तर ठरलेलं. "सर, बसाय काय, कुणीबी बसतंय. उठता आलं पायजे."

मी सर, कारण सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका कॉलेजात भूगोल शिकवतो. तात्या आष्ट्याकडचे. घरचा ऊस, पण उमेदीची सगळी वर्षं फौजेत गेली. निवृत्त झाल्यावर ऊस भावाकडे ठेवून त्यांनी आमच्या शेजारी घर बांधलं आणि एक मोटारसायकल घेतली. महिन्यातून एकदा तिला तंबू, स्टोव्ह आणि पाण्याचा कॅन बांधून ते जत बाजूला जातात, कुठल्याशा माळावर मुक्काम करतात आणि दुसऱ्या दिवशी धुळीनं माखून परत येतात. गंमत म्हणजे हा माणूस एरवी स्वतः खुर्चीवर बसतच नाही. जेवायला मांडी, पेपर वाचायला मांडी, माझ्याकडे आले तरी सोफ्याला पाठ टेकून खाली फरशीवर. अशा माणसाला गेल्या दिवाळीत अचानक गाडीवरून न्यायची हलकी, घडीची खुर्ची हवी झाली.

"तात्या, तुम्हाला कशाला खुर्ची?"

"लागती."

फौजेत उत्तर द्यायची पद्धत अशीच असावी.

अटी मात्र त्यांनी वहीत लिहून काढल्या होत्या आणि मी हजेरी घेतो तशा मला वाचून दाखवल्या. वजन दीड किलोच्या आत. बैठक गुडघ्याएवढी उंच, खाली नको. घडीचं माप वहीत नव्हतं, ते खिशात होतं. दोन गाठी मारलेली एक सुतळी बाहेर काढून ते म्हणाले, "ह्या गाठीपास्नं ह्या गाठीपत्तुर. गाडीच्या डाव्या अंगाला बसली पायजे."

मी साधा उपाय सुचवला. "एकटेच तर जाता. मागच्या सीटवर आडवी बांधा की."

"मागची शीट बांधायची न्हाई," तात्या म्हणाले. "ती मोकळी पायजे."

त्या मोकळ्या सीटवर बसतं कोण, हे मी तात्यांच्या बायकोला, काकूंना विचारलं. "मी तर न्हाई बाई," काकू म्हणाल्या. "माज्या कमरंला त्यो दणका सोसत न्हाई. आन् तुमी त्यास्नी इच्यारत बसू नका. लागती म्हणत्यात तर लागती."

सांगलीत डोंगर चढणाऱ्यांचं सामान विकणारं एक दुकान आहे. तिथे तात्या मला साक्षीला घेऊन गेले. दुकानदारानं हौसेनं तीन पायांचं एक स्टूल उलगडलं. तात्या बसले, डावा पाय उचलला, उठायला जोर केला आणि स्टुलासकट शेजारच्या तंबूंच्या ढिगात गेले. दुकानदार धावला.

"हात लावू नका," ढिगातून आवाज आला. "माजं मी उठतो."

दुसरी खुर्ची इतकी खोल होती की बसल्यावर तात्यांचे गुडघे कानाला लागले. तिच्यातून उजव्या पायावर निघायला त्यांनी बरीच झटापट केली. गिऱ्हाईकं जमली. शेवटी घाम पुसत ते म्हणाले, "सर, ही खुर्ची न्हवं, ह्यो खड्डा हाय." दुकानदारानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "काकांच्या डाव्या पायाला काही त्रास आहे का?"

"पाय ठणठणीत आहे," मी म्हणालो. "बाकीचं मला सांगता येणार नाही."

असे चार-पाच रविवार गेले. आम्ही दिसलो की दुकानदार तंबू आवरून ठेवायला लागला. अखेर अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांची, जाड कापडाची, दोन्ही बाजूंना हात टेकायची सोय असलेली एक खुर्ची आली. ती एकदा पास झाली, दोनदा पास झाली. सुतळीत बसली. घरी काकूंच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर चढवली, तेव्हा वजनातही बसली. मला वाटलं, सुटलो.

पण फौजेत सामान कागदावर घेत नाहीत म्हणे, मैदानावर घेतात. तात्या खुर्ची घेऊन आष्ट्याच्या मळ्यात गेले, पाणी पाजलेल्या उसाच्या सरीत ती मांडली आणि बसले. खुर्चीचे चारी पाय काळ्या मातीत जायला लागले. तात्या हाताची घडी घालून, समोर बघत, सावकाश खाली उतरत गेले. उठायचा प्रश्नच नव्हता, त्यांचा उजवा पायही रुतला होता. भाऊ बांधावर उभा राहून बघत होता. "तात्या, ह्ये असं निवृत्त झाल्याव सगळ्यास्नीच हुतं का?" एवढंच त्यानं विचारलं.

यावर तात्यांनी आठ दिवस विचार केला. नवव्या दिवशी काकूंच्या मिसळणाच्या डब्यातल्या चार वाट्या नाहीशा झाल्या आणि खुर्चीच्या पायांखाली सापडल्या. काकूंची हळद, तिखट, मोहरी आणि जिरं उरलेल्या तीन वाट्यांत दाटीवाटीनं राहायला लागलं. त्या महिन्यात त्यांच्याकडच्या चहालासुद्धा जिऱ्याचा वास होता. पण वाट्यांवर खुर्ची चिखलात तरली, हे कबूल केलं पाहिजे. काळ्या मातीबद्दल मी दहा मिनिटं माहिती सांगितली आणि वाट्यांना मान्यता दिली. "भूगोलाचा शेरा मिळाला," म्हणत तात्यांनी वहीत खूण केली.

होळी झाल्यावर एका सकाळी ते म्हणाले, "सर, चला. तुमीबी लय राबलाय." मी खुशीत त्यांच्या मागच्या सीटवर टांग टाकायला गेलो.

"तुमी तुमची गाडी घ्या," तात्या म्हणाले.

म्हणून मी माझ्या जुन्या स्कूटरवर, एका रिकाम्या सीटच्या मागोमाग, सांगलीपासून जतच्या पलीकडे गेलो. ऊस संपला, द्राक्षं संपली, बाभळी लागल्या. गावाच्या टोकाला एका धनगराच्या घरापुढे तात्या थांबले. ओट्यावर त्यांच्याच वयाचा एक माणूस बसला होता. शेजारी कुबडी. डावा पाय मांडीपासून नव्हता.

मी त्या पायाकडे बघितलं, तात्यांकडे बघितलं आणि मला दातांचे डॉक्टर आठवले.

"आलास व्हय रं हणमा?" तो माणूस म्हणाला. तात्यांना नाव आहे हे मला त्या दिवशी कळलं.

हा बिरू. दोघं एका दिवशी भरती झाले, एका कंपनीत राहिले. सीमेवर सुरुंगात बिरूचा पाय गेला. घरामागचा माळ त्याच्या लहानपणचा, तिथेच मेंढरं राखत वाढला. पण पाय गेल्यापासून त्या माळावर त्यानं एकदाही बूड टेकलं नव्हतं. का, ते त्यानंच मला सांगितलं. "खाली बसलो तर उचलाय दोगं लागत्यात. म्या काय बोचकं हाय? घरची खुर्ची न्यायची, तर फुडं एकजण खुर्ची डोक्यावर घिऊन आन् मागनं मी. वरात निगाली म्हणतील. ह्यो हणमा दर म्हैन्याला यायचा, चल म्हणायचा. म्या न्हाई म्हटलं की एकटाच माळाव जाऊन झोपायचा. दिवाळीला म्हटलं, माजा मी उठीन आसली खुर्ची आण, मग येतो. बसाय काय, कुणीबी बसतंय."

तात्यांचं वाक्यसुद्धा उसनं होतं.

बिरू मागच्या सीटवर बसला. त्याच्या डाव्या अंगाला तात्यांनी खुर्ची अडकवली, नेमकी सुतळीएवढ्या जागेत. "लाव की," बिरू म्हणाला. "तिकडं जागा रिकामीच हाय."

माळावर तात्यांनी खुर्ची उलगडली, वाट्या बसवल्या, बिरू टेकला आणि खुर्ची खडकावरून सरकायला लागली. तात्यांनी झडप घालून ती धरली.

"हणमा, ह्ये खाली काय लावलंयस?"

"वाट्या हायत. रुतू ने म्हणून."

"हितं पहार मारली तर ठिणगी पडती, आन् तुजी खुर्ची रुतणार?" बिरू हसता हसता खोकला. "अरं, ह्यो माळ हाय. तुज्या उसाची सरी न्हवं."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. भूगोल शिकवणारा मी चपलेतला खडा काढत होतो.

वाट्या काढल्या, तर एक पाय अधांतरी. खुर्ची कुठेही ठेवली तरी एक पाय अधांतरी. शेवटी तात्या त्या पायाशी मांडी घालून बसले आणि उजव्या हातानं तो जमिनीवर दाबून धरला. "म्या हाय हितं," म्हणाले. स्टोव्ह मी पेटवला. चहा वाट्यांतूनच प्यालो, त्याला हळदीचा वास होता. मेंढरं वर आली तशी बिरूनं जिभेनं कसलासा आवाज काढला आणि पुढची दोन सरळ त्याच्यापाशी आली. तो त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. दोघं बोलत होते ते कुणाकुणाच्या नावांचं होतं, मला त्यातलं फारसं समजलं नाही. पण त्या सगळ्या वेळात तात्यांचा हात खुर्चीच्या पायावरून हलला नाही आणि मला त्यांना आजवर हसल्याचं फार वाईट वाटलं.

दिवस मावळायला बिरू म्हणाला, "चला." मी पुढे झालो. तात्यांनी नुसतं बघितलं, मी जागेवर थांबलो. बिरूनं दोन्ही हात खुर्चीवर रोवले, उजव्या पायावर भार घेतला आणि उठला. एकटा. मग त्यानं काखेत कुबडी घेतली आणि माळावर चौफेर नजर टाकली.

तात्या अजून रिकाम्या खुर्चीचा पाय दाबून बसले होते.

"उठले ते, तात्या," मी म्हणालो.

"व्हय," ते म्हणाले. उठायला गेले आणि पुन्हा खाली बसले. दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या. मी हात पुढे केला. तो त्यांनी घेतला नाही.

बिरूनं कुबडी खडकावर घट्ट रोवली आणि आपला मोकळा हात खाली केला. "ये, हणमा," तो म्हणाला.

तात्यांनी तो हात धरला आणि त्याच्यावर सगळा भार टाकून उठले.