दोन्ही चाकं फिरली पायजे

दाजीबाभाऊ म्हशाखेत्री यांच्याशी बोलायचं असेल तर माणसाला कमरेत वाकावं लागे, कारण ते कायम आपल्या ट्रकखाली असत. आमच्या कुरखेड्यात त्यांचा चेहरा ओळखणाऱ्यांपेक्षा त्यांचे पाय ओळखणारे जास्त. गडचिरोलीहून दौऱ्यावर आलेले तहसीलदारसुद्धा टोपी सावरत, गुडघ्यावर हात ठेवून विचारायचे, "म्हशाखेत्री, आहात का?" खालून आवाज यायचा, "हाव जी. जातो कुठी?" सबंध चांदा जिल्ह्यात तहसीलदार ज्याच्यापुढे वाकतात असा हा एकच माणूस, असं आमचे हेडमास्तर म्हणत, आणि म्हणून झाल्यावर इकडेतिकडे पाहत.

मी तेव्हा तिथल्या शाळेत मास्तर होतो आणि दाजीबाभाऊंच्या अंगणाला लागून असलेल्या खोलीत राहत होतो. त्यामुळे ट्रक, दाजीबाभाऊ आणि त्यांच्या सौभाग्यवती सरस्वताबाई हे तिघंही माझ्या खिडकीत कायमचे होते.

ट्रक लढाईतला. लढाई संपल्यावर नागपूरच्या लिलावात घेतलेला. तो नेमका कुणाच्या बाजूनं लढला होता हे कुणालाच माहीत नव्हतं, पण अंगावरच्या जखमा पाहता हरलेल्या बाजूनं लढला असावा. धान, मोहफुलं, सागाची लाकडं वडश्याच्या स्टेशनावर नेऊन टाकायची हे त्याचं काम. उन्हाळ्यात तो हे काम रडतखडत करी. पावसाळ्यात मात्र दिसेल त्या नाल्यात बसे. मागचं एक चाक गरगरा फिरून चिखल उडवी आणि दुसरं शेजारी स्वस्थ उभं राही, मांडवात आलेल्या जावयासारखं.

हे असं का होतं, ते वडश्याच्या रहमतभाई मिस्त्रींनी एकदा समजावून सांगितलं. मागच्या एक्सलच्या मधोमध एक फुगवटा असतो. त्याच्या आत दातेरी चाकांची अशी जुळणी असते की वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरावं, आतलं कमी. रस्त्यावर ठीक. पण एक चाक चिखलात घसरलं, की इंजिनाची सगळी ताकद त्या घसरणाऱ्या चाकालाच जाते.

दाजीबाभाऊ त्या दिवशी पहिल्यांदा ट्रकखालून आपणहून बाहेर आले. "म्हंजे जे चाक फुकट फिरून राह्यलं त्यालेच सारी ताकद? अन् जे जमिनीवर पाय रोवून उभं हाये, त्याले काईच नाई?"

"ऐसाच बनाया है, दाजीबाभाऊ. उसको डिफरन्शियल बोलते."

"इंग्रज गेला," दाजीबाभाऊ खिन्नपणे म्हणाले, "पन आपलं राज्य चालवाचं यंत्र ठेवून गेला."

झालं. त्यानंतर त्यांना जगात दुसरं काही दिसेना. सोसायटीचं बी वाटप असो, शाळेची तपासणी असो, लग्नाची पंगत असो, त्यांचा निकाल ठरलेला: "डिफरन्शियल हाये जी, डिफरन्शियल. फुकट फिरनाऱ्यालेच जोर." गावात नवीनच विकासाचं ऑफिस आलं होतं. तिथले साहेब जीपमधून दिवसभर गावोगाव फिरत, आणि फिरण्यापलीकडे काय करत ते कळत नसे. त्यांच्याकडे बोट दाखवून दाजीबाभाऊ म्हणायचे, "चाक पाहा कसं फिरून राह्यलं. गाडी हलली का? नाई हलली." आणि शेवटी हात झटकून: "दोन्ही चाकं फिरली पायजे!"

या भाषणांना घरातूनच उत्तर मिळे. सरस्वताबाई पडवीत बाजेवर असत. काही वर्षांपूर्वी बैलबंडी उलटून त्यांची कंबर गेली होती. टेकून बसता येई, चालता येत नसे, आणि बंडीचा एक हिसका बसला तरी आठ-आठ दिवस कळा येत. त्यामुळे घराबाहेर त्या पडतच नसत. जिभेला मात्र काही झालं नव्हतं.

"मास्तर, यायले विचारा," त्या बाजेवरून म्हणायच्या, "ट्रकच्या पोटात काय दिसते यायले रोज? बाळ होनार हाये का ट्रकले?"

"तिले सांगा मास्तर," ट्रकखालून यायचं, "ट्रक बोलत नाई, म्हनून चांगला वाटते."

दोघं एकमेकांशी थेट फारसं बोलत नसत. मधला निरोप्या मी. संध्याकाळपर्यंत माझा घसा बसायचा.

एका उन्हाळ्यात दाजीबाभाऊ कामठीच्या भंगारबाजारात जाऊन आले आणि सोबत तेलानं काळं झालेलं एक पोतं घेऊन आले. त्यात फौजेच्या एका मेलेल्या गाडीतून काढलेलं कुलूप होतं. दाराचं नव्हे, एक्सलच्या आत बसवायचं. सीटजवळची दांडी ओढली, की मागची दोन्ही चाकं एकमेकांना जखडली जात आणि एकदमच फिरत. शिवाय एक्सलचे नवे गियर होते. त्यांच्यामुळे ताकद वाढणार होती आणि वेग कमी होणार होता. वेग किती कमी, यावर दाजीबाभाऊंचं आणि रहमतभाईंचं चांगलंच वाजलं.

"इतना धीमा मत करो भाऊ. पैदल आदमी आगे निकल जाएगा."

"निंगू दे. त्याले घाई असंन."

ट्रक सागाच्या ओंडक्यांवर चढवला. चाकं उतरली, एक्सलचे दांडे ओढून काढले, आणि पोटातलं तेल परातीत घेतलं. ती परात सरस्वताबाईंची पुरणाची होती. यावर मला दोन्हीकडून जे निरोप पोचवावे लागले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

नवे गियर बसले. आता त्यांचे दात एकमेकांत बरोबर भिडतात का, हे पाहायचं होतं. रहमतभाई म्हणाले, "शेंदूर पायजे."

त्यात नवल काही नव्हतं. दातांना शेंदूर फासायचा, चाक हातानं फिरवायचं, आणि कुठला शेंदूर पुसला गेला ते पाहायचं. मधोमध पुसला तर ठीक. कडेला पुसला तर मधे पत्र्याची चकती घालायची किंवा काढायची. पण दाजीबाभाऊ शेंदूर मागायला मारुतीच्या पुजाऱ्याकडे गेले, आणि तो रहमतभाईंना पायजे असं सांगून बसले. अर्ध्या तासात अंगण भरलं. मुसलमान मिस्त्री ट्रकला शेंदूर लावून राह्यला, एवढंच गावाला कळलं होतं. बायांनी नारळ आणले. एका म्हातारीनं एक्सलला हळदकुंकू वाहिलं. रहमतभाई तोंडात पाना धरून ओरडत होते, "अरे, ये पूजा नहीं, काम है!" पण पुजाऱ्यानं आरती सुरू केल्यावर त्यांनीही टोपी नीट केली आणि संपेपर्यंत थांबले. दात मात्र सुरेख भिडले. गावानं त्याचं श्रेय मारुतीला दिलं.

रहमतभाई जाताना बजावून गेले: कुलूप फक्त चिखलात लावायचं, पक्क्या रस्त्यावर सोडायचं, नाहीतर गाडी वळणार नाही. दाजीबाभाऊंनी 'कुलूप लावायचं' एवढंच ऐकलं.

त्याच आठवड्यात विकासाच्या साहेबांच्या हस्ते एका विहिरीचं उद्घाटन होतं. बाजारात आंब्याच्या पानांची कमान उभारली होती, ढोल-सनई होती, शाळेची पोरं मी रांगेत उभी केली होती. चौकाच्या वळणावर दाजीबाभाऊंचा ट्रक आला. त्यांनी हातातलं चाक पूर्ण वळवलं. पुढची चाकं वळली. मागच्या दोघांनी मात्र एकमेकांचा हात सोडला नाही, आणि ट्रक सरळ कमानीकडे निघाला.

असा अपघात मी पुन्हा पाहिला नाही. तो इतका सावकाश झाला, की वाजंत्री उठले, सतरंजी गुंडाळली आणि बाजूला जाऊन पुन्हा वाजवू लागले. साहेब हार घातलेले तसेच मागे मागे सरकत होते. दाजीबाभाऊ खिडकीतून सांगत होते, "सरका जी, सरका. घाई नाई." कमान ट्रकच्या नाकावर बसली आणि 'सुस्वागतम्' घेऊन ट्रक पुढे गेला. दांडी सोडायचं त्यांना धान्याच्या गोदामापाशी सुचलं.

साहेबांनी त्या ट्रकला बाजारबंदी केली. गावानंही दाजीबाभाऊंना सोडलं नाही. आता वडश्याच्या वाटेवर बैलबंड्या त्यांना मागे टाकत. बंडीवाले वळून विचारत, "भाऊ, रात्रीचा मुक्काम कुठी?" दाजीबाभाऊ नुसते मान हलवत. मलाही वाटलं, एवढा खटाटोप करून माणसानं काय मिळवलं? गोगलगाय!

पोळ्याच्या आदल्या दिवशी शाळेला सुट्टी होती. सकाळी दाजीबाभाऊ माझ्या दाराशी आले. अंगावर धुतलेलं धोतर, पायात वहाणा. "मास्तर, बाईले वडश्याच्या डॉक्टरले दाखवाचं हाये. तुमी मागं बसता का तिच्याजवळ?"

ट्रकमध्ये धानाचं तणस, म्हणजे पेंढा, गुडघाभर पसरलं होतं. त्यावर गादी, गादीवर सरस्वताबाई, वर ताडपत्री. उशाशी पाण्याचा लोटा. निघताना त्या पुटपुटत होत्या, "डॉक्टर काय करनार हाये आता? पन यायच्या डोक्यात आलं तं आलं."

फाट्यावर ट्रक वळला. थोड्या वेळानं रस्ता चढू लागला. बाई पडल्या पडल्या ताडपत्रीच्या फटीतून वरची झाडं पाहत होत्या. एकदम म्हणाल्या, "मास्तर, हा वडश्याचा रस्ता नाई."

"नाही."

"हा घाट हाये. कोरचीचा." त्यांचं माहेर, भुरकाटोला, घाटाच्या पलीकडे होतं. म्हातारी आई तिथेच होती. कंबर गेल्यापासून बाई तिकडे गेल्या नव्हत्या. बंडीनं जाणं शक्य नव्हतं, आणि त्या घाटातल्या दगडांवर दुसरा कुठला ट्रक त्यांना जिवंत पोचवू शकला नसता.

आमचा ट्रक त्या दगडांवर असा चढत होता, जसा एखादा माणूस झोपलेल्या पोराला खांद्यावर घेऊन जिना चढतो. एकेक दगड चाकाखाली येई आणि हळूच मागे जाई. मी लोट्याकडे पाहिलं. पाणी हलत होतं, पण सांडलं नव्हतं.

घाट उतरल्यावर खालच्या नाल्यात विकासाच्या साहेबांची जीप रुतली होती. पाणी पोटरीएवढंच होतं, पण खाली नुसता गाळ. साहेब बूट हातात घेऊन जीपच्या नाकावर बसले होते. आम्हाला पाहताच त्यांचा चेहरा उजळला. "म्हशाखेत्री! अहो, दोर लावा! ओढा!"

हाच क्षण दाजीबाभाऊ दोन महिने मला रंगवून सांगत होते: साहेबाची जीप, आपला दोर, आणि दोन्ही काठांवर गाव. त्यांनी दांडी ओढली. दोन्ही चाकांनी एकदम गाळ धरला आणि ट्रक जीपच्या शेजारून निघाला. खिडकीतून त्यांनी हात जोडले. "परत येतानी लावतो जी. दोर लावला का झटका बसते. आता झटका जमत नाई."

"मग बैल तरी पाठवा!"

"उद्या पोळा, आज बैलाचे खांदे शेकतेत जी. आज कोनी बैल जुपत नाई."

आणि आम्ही पलीकडच्या काठावर चढलो.

भुरकाटोल्यात भावांनी बाईंना गादीसकट उचलून अंगणात ठेवलं. म्हातारी काठी टेकत आली, लेकीजवळ बसली, तिच्या हातावरून हात फिरवू लागली आणि रागानंच म्हणाली, "इतकी वाळली काऊन? खायले देत नाई का तो?" सरस्वताबाईंनी आईच्या मांडीवर डोकं ठेवलं.

दाजीबाभाऊ सासऱ्याच्या घरचं पाणीसुद्धा उभ्यानं प्यायले. "साहेब बसला हाये," म्हणाले, "त्याले काढून येतो."

परतीला मी पुढे त्यांच्याशेजारी बसलो. ट्रक रिकामा होता, तरी ते हळूच चालवत होते. न राहवून मी विचारलं, "दाजीबाभाऊ, एवढी खटपट बाईंसाठी केलीत. मग त्यांना सांगितलं का नाही? निदान आज सकाळी तरी?"

पुढच्या काचेवर पाण्याचे थेंब होते. ते त्यांनी आतल्या बाजूनंच पुसले, आणि थेंब बाहेर आहेत हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

"सांगितलं असतं," ते म्हणाले, "अन् गाडी नाल्यात बसली असती तं? ती तं मनानं केव्हाच आईजवळ जाऊन पोचली असती. मंग तिथून तिले मी वापस कसं आनलं असतं, मास्तर?"