ढेकणांची नामंजूर जाहिरात

"जाहिरात लिहायला काय मोठी अक्कल लागते? जन्मभर ढेकूण मारणाऱ्या माणसाला ढेकणांवर दोन ओळी लिहिता येणार नाहीत होय?"

असं म्हणून फवाऱ्यांनी मोबाइल हातात घेतला.

फवारे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. पाठीवर औषधाची टाकी, हातात नळी आणि तोंडावर मास्क अशा अवतारात त्यांनी निम्म्या शहराची घरं फवारली होती, तेव्हापासून लोक त्यांना फवारेच म्हणत. रागावली की बायकोसुद्धा म्हणायची. ढेकूण, झुरळं, वाळवी, मुंग्या, जे जे चावतं किंवा कुरतडतं ते सगळं त्यांच्या अखत्यारीत! धंदा बरा चालला होता. मग पांढऱ्या गाडीतून हिंडणारी एक मोठी कंपनी आली आणि लोकांच्या मोबाइलवर उठता-बसता तिच्याच जाहिराती दिसू लागल्या. फवाऱ्यांचा फोन इतका गप्प झाला, की तो बिघडलाय की काय म्हणून ते बायकोच्या फोनवरून स्वतःलाच फोन लावून बघायचे.

"चालतोय की," बायको म्हणायची. "कोणी करत नाही, एवढंच."

तिची धाकटी बहीण एका जाहिरात कंपनीत नेमकं मोबाइलवर जाहिराती टाकायचंच काम करायची. ती म्हणाली, "भाऊजी, मी करून देते. त्यात नियम असतात."

"ढेकणांना कुठे नियम असतात?" फवारे म्हणाले, आणि एका बैठकीत त्यांनी जाहिरात लिहून काढली. 'समूळ संहार! एकही जिवंत सुटणार नाही! पिल्लांसकट खात्मा! मढी आम्हीच उचलून नेतो!' सोबत फोटो. मेलेल्या झुरळांचा ढीग, आणि त्याशेजारी वाघ मारलेल्या शिकाऱ्याच्या ऐटीत, नळी रोखून उभे स्वतः फवारे.

मोबाइलवरच खातं उघडून त्यांनी ती पाठवली, आणि चहा संपायच्या आत जाहिराती तपासणाऱ्यांचं उत्तर आलं. 'आपली जाहिरात नाकारण्यात आली आहे. कारण: हिंसक व धक्कादायक मजकूर.'

"हिंसक?" फवारे ताडकन उठले. "झुरळ मारणं हिंसक?" खाली फेरतपासणीसाठी एक चौकोन होता. त्यात त्यांनी लिहिलं, 'आपण झुरळांचे वकील आहात काय? तसं असेल तर आपल्या अशिलांना घरी घेऊन जा.'

ते पत्र पलीकडे कोणी वाचलं असेल-नसेल, पण नकार मात्र लगेच आला.

मेहुणीनं फोनवरून समजावलं. "भाऊजी, नाकारली म्हणून चिडायचं नसतं. कारण वाचायचं, नेमकं तेवढंच बदलायचं आणि मग परत पाठवायची. आपली चूक नसेल तरच फेरतपासणी मागायची, आणि तीही सभ्य शब्दांत. असं भांडत बसलात तर एक दिवस तुमचं खातंच बंद करतील."

"म्हणजे मारतो म्हणायचं नाही?"

"नाही."

"मग काय, ढेकणांची समजूत काढतो म्हणू?"

पण कारण वाचून बदलायचं, एवढं त्यांनी लक्षात ठेवलं. मारणं गेलं. 'रात्री अंग खाजतं? तुमच्या गादीत ढेकूण आहेत!' असं त्यांनी लिहिलं. नामंजूर! बघणाऱ्याच्या वैयक्तिक बाबींवर बोट ठेवायचं नाही म्हणे.

"त्याच्यात काही खोट आहे असं त्याला तोंडावर सांगायचं नसतं, भाऊजी."

"मग कोणाला सांगू? त्याच्या शेजाऱ्याला?"

आणि खरोखरच त्यांनी पुढच्या खेपेला लिहिलं, 'तुमच्या शेजाऱ्यांच्या गादीत ढेकूण आहेत. आज ना उद्या ते तुमच्याकडे येणारच!' तीही नामंजूर. मग आपण बोलायचंच नाही, पुराव्यानंच बोलू दे, असं ठरवून त्यांनी एका खडतर कामगिरीनंतर काढलेला स्वतःच्या, ढेकणांनी चावलेल्या उघड्या पाठीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'बिछान्यातला रात्रभराचा छळ!'

कारण: प्रौढांसाठीचा मजकूर.

बायकोनं ते मोठ्यानं वाचलं. मग तिनं फवाऱ्यांच्या पाठीकडे एकदा बघितलं आणि हसता हसता जमिनीवरच बसली.

पाठोपाठ ताकीद आली, की यापुढे एकही चूक झाली तर खातं बंद. आता फवारे गंभीर झाले. कागद घेऊन बसले आणि ज्याच्या ज्याच्यावर आक्षेप आला होता ते सगळं खोडत गेले. मारणं खोडलं, चावणं खोडलं. गादी, बिछाना, पाठ, 'तुमचं', सगळं गेलं. भीतीपोटी त्यांनी ढेकूणसुद्धा खोडला. उरलं ते असं: 'घरात ठाण मांडून बसलेले नकोसे पाहुणे कायमचे घालवून मिळतील. आवाज नाही, भांडण नाही. बाहेर कोणाला पत्ता लागणार नाही. एक फोन करा.' सोबत एका लख्ख, रिकाम्या सोफ्याचा फोटो.

मंजूर!

"बघितलंस?" फवारे बायकोला म्हणाले. "त्यांना कवी हवा होता, कवी!"

आणि दुसऱ्याच दिवशी फोन वाजला. एक बाई दबक्या आवाजात बोलत होत्या.

"ते पाहुणे घालवता ते तुम्हीच का?"

"मीच. किती आहेत?"

"एकच."

"बाई, दिसतो एक. आत शंभर असतात."

"नाही हो, एकटाच आला. आठवड्यासाठी म्हणून आला आणि मुक्कामच ठोकला."

"बसतो कुठे?"

"सोफ्यावर. दिवसभर हलत नाही. सगळे झोपले की स्वयंपाकघरात हिंडतो."

"रंगानं?"

"सावळा. आमच्याकडे आल्यापासून चांगला फुगलाय."

"मिशा आहेत?"

"आहेत ना! भल्या मोठ्या."

"झुरळ!" फवारे खात्रीनं म्हणाले.

"अगदी बरोबर बोललात!" बाईंचा आवाज भरून आला. "पण एक करा, आमचे हे ऑफिसात असताना या. त्यांचा फार जीव आहे त्याच्यावर."

लोक काय काय पाळतील, या विचारात फवाऱ्यांनी टाकी भरली.

बाईंनी दार उघडलं आणि नजरेनंच सोफा दाखवला. सोफ्यावर बनियन घातलेला, झुपकेदार मिशांचा एक माणूस क्रिकेट बघत लोळला होता.

"उठा," फवारे मास्कमधून म्हणाले. "सोफा रिकामा करा."

"का?"

"औषध मारायचंय. दुपारभर इथं कोणी थांबायचं नाही."

"आणि नंतर?"

"नंतर काय? एकदा माझा हात फिरला, की परत या घराचं नाव काढत नाही. जीव घेऊन पळतो."

माणूस हळूच उठून बसला. "कोण पळतो?"

"जो आयतं खाऊन इथं फुगलाय तो!"

बाईंनी पदराचं टोक तोंडात कोंबलं. तेवढ्यात दाराचं कुलूप फिरलं. बाईंचे यजमान डोकं दुखतंय म्हणून लवकर घरी आले होते. टाकी, नळी, मास्क आणि घाबरलेला आपला मावसभाऊ बघून ते दारातच थबकले. "काय चाललंय? आपल्याकडे ढेकूण झालेत?"

"ढेकूण नाही, झुरळ," फवाऱ्यांनी दुरुस्ती केली. "बाईंनी सविस्तर वर्णन दिलंय. एकटंच आलेलं, सोफ्यावर बसून असतं, रात्री स्वयंपाकघरात हिंडतं, मोठ्या मिशा..."

बोलता बोलता त्यांची नजर समोरच्या मिशांवर गेली आणि वाक्य तिथंच थांबलं. सोफ्यावरच्या माणसानं आपल्या मिशांना हात लावून बघितला. टीव्हीवर कोणीतरी बाद झालं, त्याचा जल्लोष तेवढा चालू राहिला.

"वहिनी," तो म्हणाला, "मी झुरळ?"

"मी तसं म्हटलं नाही! ते म्हणाले!"

"माझ्या मावसभावाला मारायला माणूस बोलावलास?" यजमान ओरडले.

"मारत नाही," फवारे घाईनं म्हणाले. "मारणं त्यांनी नामंजूर केलंय."

याचा अर्थ कोणालाच कळला नाही. मग त्यांनी मोबाइल काढून जाहिरात दाखवली आणि मागच्या सगळ्या नकारांची हकीकत सांगितली. पाठीच्या फोटोपर्यंत आले तेव्हा यजमानांचं डोकं जास्तच दुखायला लागलं. मावसभाऊ मात्र शांतपणे आत गेला, शर्ट घातला आणि बॅग भरून आणली.

"तसं नाही रे," यजमान म्हणाले.

"तसंच आहे, दादा. मला कळत होतं. पण तोंडावर कोणी काही बोलेना, तेव्हा मीही बसून राहिलो." दारात तो वळला. "वहिनी, राग नाही."

तो गेल्यावर बाईंना रडू फुटलं. फवारे टाकी न उघडता परतले.

रात्रीपर्यंत फोन थांबेना. कोणाला साडू घालवायचा होता, कोणाला आत्या. एका जावयाला सासरे. ढेकूण मात्र एकाच्याही घरी नव्हते! फवाऱ्यांनी शेवटी मेहुणीला फोन लावला आणि म्हणाले, "तू लिही."

मेहुणीनं गणवेशातला एक साधा फोटो घेतला आणि खाली लिहिलं, 'घरगुती कीटकनियंत्रण. ढेकूण, झुरळं, वाळवी. फोन करून वेळ ठरवा.' जाहिरात निमूट मंजूर झाली.

"यात ढेकूण चालला?" फवारे दुखावून म्हणाले.

"ढेकणाला कोणाची हरकतच नव्हती, भाऊजी."

नव्या जाहिरातीवर पहिला फोन एका पुरुषाचा आला.

"ढेकूण झालेत. भाड्यानं खोली घेतलीय, रात्रभर डोळा लागत नाही."

"अगदी खरे ढेकूण ना?" फवाऱ्यांनी खात्री करून घेतली.

"खरे. ओळखलं नाहीत? मी तो सोफ्यावरचा."

फवारे मऊ आवाजात म्हणाले, "उद्याच येतो."

"या. फक्त एक अडचण आहे. दुपारभर खोलीबाहेर राहायला लागणार, आणि दादाकडे मी जाऊ शकत नाही. तुमच्या घरी थोडा वेळ बसलो तर चालेल?"

"बसा की!" फवारे म्हणाले. "घर आपलंच समजा."

फोन ठेवला, तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं, की थोडा म्हणजे नेमका किती वेळ, हे विचारायचं राहूनच गेलं.