शेपटीच्या चाकापाशी सात जण

युद्ध कोणी जिंकलं आणि का जिंकलं, याबद्दल दोन शहाण्या माणसांत मतभेद असू शकतात. बॉम्बर विमानाच्या पोटाचा काळा रंग नेमका किती काळा होता, याबद्दल मात्र मतभेद असून चालत नाही. तिथे एकच माणूस शहाणा असतो, आणि आमच्या लिंकनशरमधल्या हॅगथॉर्प गावात तो डेस्मंड स्लाइट आहे.

डेस्मंड निवृत्त दंतवैद्य. दात तपासायचा छोटा आरसा त्याने निवृत्तीनंतरही सोडला नाही. आता तो आरसा तो विमानांच्या पंखांखाली घालतो. आमच्या बॉम्बर प्रतिकृती मंडळाचा तो मुख्य परीक्षक आणि मी सचिव. मंडळाचे सभासद एकतीस. गेल्या वर्षी सभागृहात एकशे चौदा वाद झाले: शहाण्णव रंगावरून, सतरा पत्र्यावरच्या रिबिटांच्या संख्येवरून, आणि एक खिडकी उघडावी की नाही यावरून. (शेवटचा पुढील सभेपर्यंत तहकूब आहे. रंगाचा वास अजून सभागृहात आहे.)

आमची विमानं एकास बहात्तर मापाची. त्यांच्या पोटातले बॉम्बही आम्ही मापात करतो, त्यांवरचे रंगीत पट्टेसुद्धा. ते पुढे कुठे पडले, हा विषय मंडळाच्या कक्षेत येत नाही, कारण आमच्या देखाव्याची फळी दोन फुटांवर संपते. एका सभासदाने एकदा विमानाखाली गावही दाखवायचा घाट घातला होता, घरं, शाळा, वाळत घातलेले कपडे वगैरे. आम्ही त्याला समजावून सांगितलं. तो हल्ली रेल्वेची मॉडेलं करतो.

आता १९९४ च्या स्पर्धेबद्दल. त्या वर्षी पाद्रीबाबांनी चर्चमधल्या खिडकीचा कट्टा मंडळाला देऊ केला होता. पहिल्या आलेल्या देखाव्याने तिथे कायमचं बसायचं, आणि खाली पितळी पाटी. पाटीवर काय लिहायचं ते विजेत्याने ठरवायचं. हे ऐकून होरेस लेगट वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी मंडळाचा सभासद झाला. होरेस दुसऱ्या महायुद्धात लँकेस्टर बॉम्बर विमानाच्या शेपटीत बसणारा तोफची होता. (मंडळात असा तो एकटाच. आम्ही ते त्याच्याविरुद्ध कधी धरलं नाही.) त्याला पाटीवर सात नावं हवी होती. बाकी काही नको होतं.

देखावा त्याने अकरा महिने खपून केला. संध्याकाळ, गवत, लँकेस्टर, आणि शेपटीच्या चाकाभोवती पाठमोरी उभी इंचभर उंचीची सात माणसं. एकजण तेवढा मागे वळून हसत होता.

"हे काय करतायत?" डेस्मंडने आरसा खाली घालत विचारलं.

"मुततायत," होरेस म्हणाला.

"सगळे?"

"उडण्याआधी चाकावर मुतल्याशिवाय आमच्यातला कोणी वर चढत नसे. शकुन होता तो आमचा."

"पुरावा?"

"अरे, मी होतो की तिथे!"

"होरेस, आठवण म्हणजे पुरावा नव्हे. फोटो आहे कुठल्या पुस्तकात?"

"मुतताना फोटो कोण काढतो रे? आणि काढला तर पुस्तकात कोण छापतो?"

डेस्मंडने नोंद केली. मग, माणुसकी म्हणून, त्याने विचारलं, "यातला तू कुठला?"

"मी नाही यात. त्या दिवशी माझा कान फुटला होता. हा सातवा आहे ना, तो माझ्या जागी गेलेला पोरगा. पाच मिनिटांची ओळख आमची." होरेसने चष्मा पुसला. "परत कोणीच आलं नाही."

कोणाच्या तरी हातातलं अंड्याचं सँडविच तसंच राहिलं. मग डेस्मंडने पुराव्याविना विधी दाखवल्याबद्दल आठ गुण कापले, आणि तो चालू असताना मागे वळून हसल्याबद्दल तीन. एकूण एकोणनव्वद.

पहिला आला क्लाइव्ह ब्रॅकनबरी, अठ्ठ्याण्णव गुणांनी. त्याचं विमान नाकापासून शेपटीपर्यंत ताडपत्रीखाली झाकलेलं होतं. रंग दिसत नव्हता, रिबिटं दिसत नव्हती, माणसं नव्हतीच. इतकं निर्दोष विमान मंडळाच्या इतिहासात झालेलं नाही. (दोन गुण दोरीच्या गाठीबद्दल गेले.) ते चर्चमध्ये बसलं. पाटीवर ताडपत्रीच्या हिरव्या रंगाचा अधिकृत क्रमांक आहे.

फेब्रुवारीत होरेस गेला. महिन्याभराने त्याची बायको एनिड बिस्किटांचा डबा घेऊन सभेला आली. डब्यात एक फोटो होता: लँकेस्टर, शेपटीचं चाक, सात पाठी, आणि एक हसरा चेहरा.

"त्याने स्वतः काढलेला," ती म्हणाली. "कानात कापूस घालून पोरांना सोडायला गेला होता. तळावर कॅमेऱ्याला बंदी, तरी कोटात लपवून नेला."

"अहो, मग त्याने तेव्हाच का नाही दाखवला?" मी विचारलं.

"पोरांच्या विजारी उघड्या आहेत, म्हणाला. त्यांच्या आयांना काय वाटेल? बहात्तरपट लहान केलं की काही दिसत नाही, म्हणून तसं केलं." मग ती डेस्मंडकडे वळली. "माझे चार दात काढलेस, मी हूं की चूं केलं नाही. हा एक फोटो नीट बघ."

डेस्मंडने तो नीट बघितला. भिंग लावून वीस मिनिटं. विधी सिद्ध झाला: आठ गुण परत. हसणं सिद्ध झालं: तीन परत. आम्ही टाळ्या वाजवणार, एवढ्यात भिंग चाकावर थांबलं. टायर रिमवरून सरकलाय का ते कळावं म्हणून दोन्हींवर मिळून मारलेली पांढरी रेघ फोटोत स्पष्ट होती. होरेसच्या देखाव्यात नव्हती. वजा तीन. सत्त्याण्णव.

"एका गुणाने?" एनिड म्हणाली.

"पुरावा तुम्हीच आणलात, मिसेस लेगट," डेस्मंड हळहळून म्हणाला. तो खरोखरच हळहळला होता. मी त्याला ओळखतो.

एनिड दर रविवारी प्रार्थना संपल्यावर त्या ताडपत्रीसमोर उभी राहते आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणते. सात वेळा थांबते, मग घरी जाते. मला ते बघवत नाही, म्हणून मी दुसऱ्या दाराने निघतो.

होरेसने ती नावं स्पर्धेच्या अर्जामागे लिहून दिली होती. अर्जात त्यासाठी रकाना नाही, आणि दप्तरात आम्ही अर्जाची फक्त पुढची बाजू जपतो.

वाचकहो, तुम्ही आमच्यावर चिडला असाल. चिडा. पण रिमवरची रेघ आता तुम्हाला माहीत आहे, दोरीची गाठ माहीत आहे, कोणाचा कितवा गुण कशाने गेला तेही तोंडपाठ आहे. ती सात पोरं कोण होती, हे मात्र इथवर येईपर्यंत तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. मंडळात अशाच माणसांची गरज आहे. सभा दर मंगळवारी सात वाजता, चहा आमच्याकडून.