टिंब दिलेल्या फाइली

कुलूपरावांनी आयुष्यात एकदाही पासवर्ड कागदावर लिहिलेला नाही, आणि ही गोष्ट ते नव्या माणसाला पाचव्या मिनिटाला सांगतात. नाव अर्थातच ऑफिसातल्यांनी ठेवलेलं. विमा कार्यालयात चहाला उठतानाही हा गृहस्थ स्क्रीनला कुलूप घालतो, आणि दुसऱ्याची स्क्रीन उघडी दिसली की तिच्यावर 'तुम्ही लुटले गेला आहात' अशी चिठ्ठी चिकटवतो. तेव्हा घरच्या कॉम्प्युटर ज्यावर चालतो त्या लिनक्स प्रणालीच्या जुन्या आवृत्तीला या महिन्यापासून सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत, ही बातमी वाचल्यावर त्यांच्या घशाखाली घास उतरेना.

कॉम्प्युटर सासरेबुवांचा. ते जन्मभर छापखान्यात मुद्रितशोधक होते. मजकूर छापायच्या आधी त्यातल्या चुका काढायच्या, हे काम. शेवटची तीन वर्षं सासूबाईंसह लेकीकडे राहिले आणि गेल्या वर्षी याच कॉम्प्युटरच्या खोलीत वारले. खोली अजून तशीच होती. पेल्यात लाल पेनं, शेजारी भिंग, आणि खुर्चीवरच्या उशीला त्यांच्या बसण्याचा खड्डा. त्या खड्ड्यात बसायला कुलूपराव जरा बिचकतच.

"नवी आवृत्ती टाक, पण बाबांच्या आवाजाच्या फाइली आधी दुसरीकडे उतरवून घे," शनिवारी डोळ्यांच्या दवाखान्यात कामावर निघताना बायकोने बजावलं. "माझी हॉस्टेलवरची पत्रं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करून ठेवलीत, असं म्हणायचे. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही."

"हे तू मला सांगतेस?" कुलूपराव म्हणाले.

घरात पेनड्राइव्ह एकच. त्यात नवी लिनक्स भरलेली. मग फाइली उतरवायच्या कशात? 'बघू नंतर' म्हणून कुलूपरावांनी कामाला हात घातला. इन्स्टॉलरने मधे बरंच काही विचारलं. त्यांनी एक अक्षर न वाचता 'पुढे, पुढे' करत बटणं दाबली. वाचल्याशिवाय बटण दाबू नका, हे त्यांनी जगाला इतक्यांदा सांगितलंय की स्वतःला सांगायचं राहूनच गेलं.

तासाभरात नवीकोरी स्क्रीन आली. त्यांनी सासरेबुवांचं फोल्डर उघडलं. आत डॉक्टरांना लिहिलेली एक चिठ्ठी, बाकी शुकशुकाट. 'पत्र' शोधलं, 'आवाज' शोधलं, बायकोचं लाडकं नाव शोधलं. काही नाही.

 बायको रागावेल याची त्यांना भीती नव्हती. ती रागावणार नाही, नुसती गप्प बसेल, याची होती. त्यांनी कमांडची काळी खिडकी उघडली. काहीतरी लिहिलं, खोडलं, आणि खोडायचं बटण दाबूनच धरलं.

"चूक. पुन्हा वाच."

भर दुपारची वेळ. पंखा फिरत होता. आवाज सासरेबुवांचा होता. तोच घोगरा, तोच 'चूक'वर जोर.

कुलूपराव उठून उभे राहिले. मग मेंदूने नेहमीचा रस्ता धरला. हॅकर. बाहेरून कोणीतरी शिरलंय. त्यांनी इंटरनेटची वायर उपटून हातात घेतली आणि उभ्यानेच तेच बटण पुन्हा दाबलं.

"चूक. पुन्हा वाच."

वायर त्यांच्या हातात होती. हॅकर वायरीशिवाय आला असेल, तर तो नेमका कुठून आला, हा प्रश्न त्यांना अजिबात पुढे न्यायचा नव्हता. उशीचा खड्डा मघापेक्षा खोल वाटत होता.

दारात सासूबाई येऊन उभ्या होत्या, हातात अर्धवट घडी घातलेला टॉवेल.

"आले वाटतं हे," त्या म्हणाल्या.

"आई, तुम्हालाही ऐकू आलं?"

"इतकी वर्षं ऐकतेय की," असं म्हणून सासूबाई टॉवेलची घडी पुरी करत स्वयंपाकघरात निघून गेल्या. कुलूपरावांच्या मानेवर काटा आला.

तेवढ्यात बायको परतली. चपलाही न काढता सरळ खोलीत.

"झालं का? घेतल्यास ना उतरवून?"

"हो, हो, सगळं घेतलंय," कुलूपराव म्हणाले, आणि निवांत दिसावं म्हणून टेबलावर रेलले. कोपर कीबोर्डवर पडलं.

"चूक. पुन्हा वाच."

बायको पांढरीफटक पडली. तिने खुर्ची धरली. "बाबा?" ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

मग कुलूपरावांनी सगळं कबूल केलं. कॉपी घेतली नाही, वाचलं नाही, फाइली गेल्या. आणि हे कोण बोलतंय ते देवालाच ठाऊक.

"देवाला कशाला विचारायचं?" सासूबाई पुन्हा दारात. "शेवटी त्यांना बारीक दिसेना. काही चुकलं की ते यंत्र टुंग करायचं, त्याजागी यांनी स्वतःचा आवाज भरून ठेवला. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल, तुम्ही त्यातले जाणकार."

"पण फाइली?" बायकोने विचारलं.

"त्या तपासून झाल्या होत्या. तपासलं की नावाच्या आधी टिंब द्यायचं, छापखान्यातली सवय. जावईबापू, ते तुम्हाला किती वेळा म्हणाले, टिंब दिलं की फाइल नाहीशी होते."

म्हणाले होते खरे. आणि कुलूपरावांनी बायकोला बाजूला घेऊन, 'वय झालंय, भास होतात,' असं समजावलं होतं.  नावाच्या आधी टिंब असलं की लिनक्स फाइल लपवून ठेवते. हे त्यांनी ऑफिसात तीनदा फळ्यावर लिहून शिकवलं होतं.

त्यांनी लपलेल्या फाइली दाखवायची बटणं दाबली. एकामागून एक नावं वर आली, एकेचाळीस पत्रं, प्रत्येकाच्या आधी टिंब. न वाचलेल्या प्रश्नांपैकी एक 'जुनं घरचं फोल्डर ठेवू का' असा होता, आणि 'हो'ची खूण आधीच केलेली होती, म्हणून ती आणि त्यांच्यासोबत तो 'चूक'वाला आवाजही वाचला. बायकोने पहिली फाइल लावली.

"प्रिय बाबा, स्वल्पविराम. इथे मला मुळीच करमत नाही, पूर्णविराम. 'मुळीच'मधला 'मु' ऱ्हस्वच हवा, पोरीने दीर्घ लिहिलाय. राहू दे. रडत लिहिलं असेल."

तिघंही तिथेच बसून पुढची पत्रं ऐकत राहिली. खड्ड्यात बायको बसली.

संध्याकाळी कॉम्प्युटर बंद करून, त्याची वायरसुद्धा काढून कुलूपराव बाहेरच्या खोलीत ऑफिसच्या ग्रुपसाठी मजकूर लिहायला बसले. लिहून झाल्यावर मोठ्याने वाचला. "सर्व फाइली सुखरूप आहेत, कारण मी प्रत्येक सूचना नीट वाचून मगच बटण दाबलं."

"चूक. पुन्हा वाच."

फोन हातातून पडला. वळून बघतात तर स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई, चष्मा नाकाच्या टोकावर.